आदी उपस्थित होते

सोमवार, ९ जुलै २००७

आज पुन्हा वामकुक्षीचा वध झाला. जेवणानंतर डाव्या कुशीवर अर्धा तास पडावं, एवढी एकच चैन या देहाने आयुष्यभर मागितली आणि तीही गेले काही महिने भरदिवसा लुटली जात आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली. दारात एक तरुण, घामेजलेला, पिशवी छातीशी धरून. कुजबुजत म्हणाला, "सोबत... हितंच का?" मी वर बोट दाखवलं. तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेला. आभार वगैरे नाहीत. जूनपासून मी टिपून ठेवतो आहे. आजचा धरून एकोणीस. त्यांपैकी एकही मोठ्याने बोलला नाही. कोल्हापुरात माणूस कुजबुजतो, ही खरं तर पहिल्या पानाची बातमी आहे.

आमची इमारत शिवाजी पेठेतली. तळाला मालक बाबासोंचं सायकलचं दुकान, मधल्या मजल्यावर मी, आणि माझ्या डोक्यावर गेल्या सप्टेंबरपासून 'सोबत केंद्र'. पुरुषांवर जीव जडणारे पुरुष, जोगते, तृतीयपंथी, रविवारी इचलकरंजीहून येणाऱ्या दोघी मैत्रिणी आणि स्वतःला काय म्हणायचं हे अजून न ठरलेले, अशा सगळ्यांना टेकायला एक खोली. कुणाला रक्त तपासायला एकट्याने जायची भीती वाटली तर केंद्रातलं कुणीतरी बरोबर जातं. काम चांगलं आहे. माझी तक्रार कामाबद्दल नाही, पाटीबद्दल आहे. पाटीच नाही!

संध्याकाळी केंद्र चालवणाऱ्या प्रसेनजीतला जिन्यात गाठलं. म्हटलं, "बाबा रे, पाटी लाव. मजकूर मी देतो, शुद्धलेखनासकट."

तो हसला. "पाटी लावली की कोण येणार न्हाय, सर."

हे तर्कशास्त्र मला समजलं नाही. न्यायशास्त्राची एक परीक्षा मी दिलेली आहे, तरीही.

शुक्रवार, १३ जुलै

रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान झालं, त्याची बातमी आज लागली. मीच दिलेली. 'यावेळी' या शब्दापुढे अकरा नावं, अकरावं माझं, मग 'आदी उपस्थित होते'. शेवटच्या नावाला एक वेगळा भारदस्तपणा असतो, पाहुण्यांना वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या यजमानासारखा.

पंचवीस वर्षांपूर्वी संस्कृतची शिकवणी सोडून मी वार्ताहर झालो तेव्हा संपादकांनी एकच मंत्र दिला होता: नावं घाल. नाव आलं की माणूस एक अंक स्वतःला घेतो, एक सासुरवाडीला धाडतो. मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव, चारही घालतो. ज्यांना मी 'आदी'त ढकललं त्यांनी मला अजून क्षमा केलेली नाही.

सकाळी आक्का आली होती. आक्का म्हणजे यल्लम्माला सोडलेला जोगता. जन्म पुरुषाचा, पण गेली चाळीस वर्षं लुगडं, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा मुखवटा असलेला जग. मंगळवारी-शुक्रवारी पेठेत फिरते. माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी (आणि माझ्यावर राज्य करणारी) धोंडुबाई लगबगीने तांब्या घेऊन धावली, पायांवर पाणी घातलं, परडीत जोंधळे ओतले.

मी म्हटलं, "आक्का, तू वरच्या केंद्रातही असतेस म्हणे."

"असती की. सकाळी देवीची, दुपारी माझी मी."

"पेठेला काही हरकत?"

"पेठंला मी दारात चालती, पंडित. जिन्यात चालत न्हाय."

धोंडुबाईने तिला परत वाकून नमस्कार केला आणि मग मला दबक्या आवाजात विचारलं, "ती वरली माणसं चांगली हायती न्हवं?"

गुरुवार, २ ऑगस्ट

आज अखेर वर गेलो. वामकुक्षी मोडलीच होती.

एक लांब खोली. सतरंजी, कॅरम, स्टोव्ह, भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा. नोंदवहीत नुसती पाळण्यातली नावं. "आडनावं कुठे आहेत?" मी विचारलं. "हितं आडनाव विचारत न्हाय आमी," प्रसेनजीत म्हणाला. शिकलेला मुलगा, समाजकार्याची पदवी घेतलेला. आणि दप्तराची ही अवस्था. वही त्याच्याकडे परत सरकवली. पाहुणा होतो.

कॅरमवर कृष्णात नावाचा एक होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा. गारगोटीच्या दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासतो. घरी एकटी आई. दर गुरुवारी कॉम्प्युटरचा क्लास असल्याचं सांगून कोल्हापूरला येतो. मला बघून म्हणाला, "तुमीच ते पेपरवालं सर! आमच्या संस्थेत रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचत्यात, दूध घालाय येणाऱ्यास्नी. तुमची बातमी आली की वाचणारा दमतोय. निस्ती नावंच असत्यात!"

सगळे हसले. मीही. वाचक असा प्रत्यक्ष भेटणं हे वार्ताहराच्या नशिबात क्वचित.

जाताना त्याने एक गंमत केली. मी आलो तेव्हा त्याच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. बोलण्याच्या नादात माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. साडेचारची गाडी धरायची म्हणून तो आरशासमोर बसला, तळहाताला साबण लावून एकेक बांगडी उतरवली, एकही न फोडता, आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवली. मग शर्टाच्या बाह्यांची बटणं लावली. उठला तेव्हा दूध संस्थेचा माणूस होता. मी म्हटलं, "सवय दिसते." तो म्हणाला, "दर गुरुवारी मरतोय, सर, साडेचारला." आणि दात काढून हसला.

खाली येऊन चहा केला. उगाच विजयसिंह आठवला. कॉलेजात आम्ही दोघं दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला सायकलने जात असू. आता तो सपत्नीक मोटारीने जातो. त्याच्या लग्नात मंगलाष्टका मीच रचल्या होत्या. सातवीला आवाज गेला आणि आठवी भटजींना म्हणावी लागली. घसा बसला होता. वैशाखात बसतो कधीकधी.

शनिवार, १८ ऑगस्ट

बाबासो वर आले. एरवी खालूनच हाक मारतात, आज खुर्चीत बसले. म्हणजे प्रकरण गंभीर.

"शास्त्री, तालमीची पोरं मागं लागल्यात. म्हणत्यात, वरचं बिऱ्हाड काढा. गणपतीच्या आत."

"का?"

"का म्हंजे? लोक नावं ठेवत्यात."

"आणि तुमचं मत?"

"मला काय तरास न्हाय. भली माणसं हायत, जिना झाडत्यात, तुमच्यागत पान खाऊन थुकत न्हाईत." (मी पान १९९८ सालीच सोडलं, पण बाबासोंची स्मरणशक्ती घट्ट आहे.) "पण मला सांगाय काय तरी पायजे का नगो? तुमी पेपरात चांगलं छापा. पेपरात आलं म्हंजे ते सरकारी झालं. मग तालमीला मी बघून घेतो."

संध्याकाळी प्रसेनजीतला सांगितलं. तो जिन्याच्या कठड्यावर नख ओढत उभा राहिला. पंधरा दिवसांनी केंद्राचा पहिला वाढदिवस आहे, म्हणाला, तेव्हा या. मग म्हणाला, "जपून लिवा, सर."

"अरे, मी जपूनच लिहितो. आक्षेपार्ह शब्द एकही सापडणार नाही."

रविवार, २ सप्टेंबर

वाढदिवस झाला. शिरा, चिवडा, आणि आक्काने वाजवलेलं चौंडकं. मला बोलायला लावलं. मी सांगितलं की संस्कृतात 'दार' म्हणजे बायको, हा शब्द पुल्लिंगी आहे आणि तोही अनेकवचनी. 'कलत्र' म्हणजेही बायको, तो नपुंसकलिंगी. आणि 'मित्र' हाही नपुंसकलिंगी. हजारो वर्षं बायको पुल्लिंगी खपवून घेणाऱ्या देशात एवढ्याशा खोलीचा बाऊ कशाला?

कृष्णात मागून ओरडला, "म्हंजे देवाच्या भाषेत आमी पास हाय की, सर!"

असा हशा मला वाचनालयात कधी मिळाला नाही. पुढची दहा मिनिटं मी काय बोललो ते आठवत नाही, पण कुणी उठून गेलं नाही. एका क्षणी असं वाटलं की या खोलीत मी पूर्वीही येऊन गेलो आहे. तसं काही नाही. बाबासोंनी ती मागच्या वर्षापर्यंत कुलपात ठेवली होती.

चहाच्या वेळी सवयीने प्रत्येकाकडे जाऊन पूर्ण नावं उतरून घेतली. सगळे खुशीत होते, सांगत गेले. कृष्णात थोडा थबकला. "कशाला, सर?"

"आठवण म्हणून."

त्याने चारही सांगितली. गावाचं नाव सांगताना आवाज खाली आला. मी कानाला हात लावून पुन्हा म्हणवून घेतलं.

बुधवार, ५ सप्टेंबर

बातमी लागली. जिल्हा पानावर, वरच्या अर्ध्यात, चौकटीत! कात्रण इथे चिकटवतो.

'कोल्हापूर, ता. ४ (वार्ताहर) : पुरुषांविषयी ओढ असणारे पुरुष, जोगते व तृतीयपंथीय यांना हक्काचा निवारा देणाऱ्या शिवाजी पेठेतील 'सोबत' केंद्राचा पहिला वर्धापनदिन रविवारी उत्साहात पार पडला. समाजाने या बांधवांकडे निर्मळ दृष्टीने पाहावे, असे आवाहन करण्यात आले. यावेळी...' इथे सात नावं, गावांसह. '...आदी उपस्थित होते.'

रोगाचं नाव नाही, हिणवणारा शब्द नाही, एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं नाही. बाबासोंनी कात्रण दुकानात पंपाच्या वर लावलं. तालमीचे दोघं आले होते, वाचून परत गेले. "बघा," बाबासो म्हणाले, "म्हणलं न्हवतं? मिटलं." केंद्र वाचलं. मला स्वतःबद्दल बरं वाटलं, ते लपवत नाही.

धोंडुबाईने नातवाकडून बातमी वाचून घेतली. "भाषाण तुमी क्येलासा, आन तुमचंच नाव न्हाय व्हय?"

"वार्ताहर स्वतःच्या बातमीत स्वतःचं नाव घालत नाही, धोंडुबाई. तसा संकेत आहे."

"आस्सं," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

गुरुवार, ६ सप्टेंबर

आज वरून कॅरमचा आवाज आला नाही. कृष्णात आला नसावा. पाऊस असेल तिकडे.

गुरुवार, १३ सप्टेंबर

दुपारी पाऊण तास सलग झोपलो.

पाच वाजता प्रसेनजीत खाली आला. ओरडेल असं वाटलं होतं. तो खुर्चीच्या काठावर बसला, पाणी प्यायला.

"सर, नावं का घातली?"

मी त्याला सांगू लागलो की नाव ही सन्मानाची गोष्ट आहे, लपवण्यात लाज आहे असा अर्थ होतो, केंद्राचंच म्हणणं आहे की यात लाजण्यासारखं काही नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ते ज्यानं त्यानं आपापल्या येळंला सांगायचं असतंय," तो म्हणाला. "सातातला मी येक, आक्का येक. आमचं काय व्हायचं न्हाय. तिघं घराबाहेर पडंनात. एकाचा ठरल्याला साखरपुडा मोडला. कृष्णातचा फोन बंद हाय. आठ दिस."

"मी विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. नुसतं एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

आक्काबरोबर एसटीने गारगोटीला जाऊन आलो. प्रसेनजीत येणार होता, आक्कानेच नको म्हटलं. "शर्ट-पॅन्टीतला अनोळखी माणूस दारात गेला की इचारत्यात, कोण, कुठला. मला कोण इचारतंय?" मग मी कशाला, असं मी विचारलं. "तुमी बघाय," ती म्हणाली.

गारगोटीत उतरल्यावर तिने जग डोक्यावर घेतला. दूध संस्थेच्या मागची गल्ली. प्रत्येक दारात बायका तांब्या घेऊन बाहेर. हेच दरवाजे पंधरा दिवसांपूर्वी कृष्णातला बंद झाले असतील आणि त्याच उंबऱ्यावर आक्काच्या पायांवर पाणी पडत होतं. आक्काला यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. मला टिपून घ्यावंसं वाटलं. वही पिशवीतच ठेवली.

चौथं घर कृष्णातचं. त्याची आई सोनूबाई, वाळलेली, हाताला शेणाचा वास. पाय धुता धुता रडायला लागली.

"आक्का, देवीला इचार की, माझं पोरगं कुठं हाय."

"काय झालं, ते सांग."

"सकाळी दूध घालाय गेलतो. पेपर वाचत हुते. वाचणारा म्हणला, सोनूमावशे, कृष्णातचं नाव आलंय! आन पुढं गप्पच झाला. मला काय वाचाय येतंय? माझं मी आलो, घरात व्हती न्हवती ती साखर घेतली आन आख्ख्या गल्लीत वाटली. पेपरात नाव आलं लेकाचं! ह्या गल्लीत आजवर कुणाचं आलं न्हवतं." तिने पदराने नाक पुसलं. "दुपारी भावकी आली. मग सगळं वाचून दावलं मला. कृष्णात आतल्या घरात बसला हुता. त्येला म्हणलं, खोटं हाय म्हण. त्यो म्हणला, खरं हाय, आई. संध्याकाळच्या गाडीनं गेला. संस्थेनं पण येऊ नगो म्हणून सांगितलं."

आक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"साखर मीच वाटली वं, आक्का. म्या वाटली नसती तर कुणाच्या ध्यानात आलं असतं? येका दिसात इसरलं असतं लोक."

मी कट्ट्यावर बसलो होतो. चूक तुमची नाही, एवढं वाक्य तोंडापर्यंत आलं. पण त्यानंतर लगेच दुसरं वाक्य बोलावं लागलं असतं.

तिने माझ्याकडे बघितलं. "पावणं कोण?"

आक्काने माझ्याकडे मान वळवली. ती माझ्यासाठी थांबली होती.

"आक्काबरोबर आलोय," मी म्हटलं.

"शिकल्यालं दिसतासा. पेपरवाल्यांची वळख हाय का? बातमी देता येईल का, की आई वाट बघत्या म्हणून? त्येचं सगळं नाव घालून. गावासकट. म्हंजे त्येला कळंल."

"बघतो," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत आक्का खिडकीशी बसली, जग मांडीवर. बिद्री गाव मागे पडलं. मग म्हणाली, "पंडित, माझं नाव तुमी छापलं, मला राग न्हाय. माझी लाज देवीनं कवाच घेतली. पण परत्येकाला देवी न्हाय मिळत." थोड्या वेळाने तिने पिशवीतून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

सोनूबाईंनी सांगितलेली बातमी लिहायला बसलो. तीन ओळींचं काम. त्याचं नाव आणि गाव लिहिल्याशिवाय ती कुणाची आहे ते कळत नाही, आणि लिहिलं तर जे झालं ते पुन्हा होतं. कागद फाडला. त्याऐवजी प्रसेनजीतने पुण्या-मुंबईच्या अशाच केंद्रांना फोन लावले. पाळण्यातलं नाव आणि हिरव्या बांगड्या, एवढीच खूण दिली. तिकडच्यांना तेवढी पुरते म्हणाला.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

वामकुक्षी अखंड. तीन आठवड्यांत घंटा एकदाही वाजली नाही.

बाबासो खूश आहेत. तालमीने गणपतीला वरच्या मंडळींकडून वर्गणीसुद्धा घेतली, म्हणजे आता ती पेठेची झाली. कात्रण अजून पंपाच्या वर आहे. केंद्र राहिलं. येणारे येत नाहीत. प्रसेनजीत रोज दार उघडतो, सतरंजी घालतो, स्टोव्हवर अर्धं पातेलं चहा ठेवतो. गेल्या दोन रविवारी इचलकरंजीच्या दोघी पुन्हा आल्या. या रविवारी वर जाऊन मी त्यांच्याशी कॅरम खेळलो आणि हरलो. बिस्किटाचा डबा तिथेच, आरशाखाली. कृष्णातचा पत्ता नाही.

आज संपादकांसाठी जुने कागद निवडताना त्या बातमीचा कच्चा मजकूर सापडला. तो इथे नोंदवला नाही तर ही वही लिहिण्यात अर्थ नाही.

कच्च्यात सात नाही, आठ नावं आहेत. आठवं, 'आदी'च्या आधीचं, माझं. ते मी सवयीने लिहिलं आणि मग खोडलं. एका रेघेने नाही. वाचता येऊ नये असं गिरवून. संकेत वगैरे धोंडुबाईने विचारल्यावर सुचला. जुलैत वाचनालयाच्या बातमीत माझंच नाव मीच घातलं होतं, तेव्हा कोणताही संकेत आड आला नव्हता. खोडताना मनात काय होतं ते मला नीट आठवतं. विजयसिंह आमचाच अंक घेतो आणि जिल्हा पान आधी उघडतो. तो हे नाव त्या यादीत वाचेल, संयोगिता वहिनींना दाखवेल, आणि मग दोघं गप्प होतील, असं वाटलं होतं.

म्हणजे त्या यादीत नाव आलं की काय होतं, हे मला माहीत होतं. नाव म्हणजे सन्मान, विचारायचं राहिलं, सवयीने झालं, असं मी प्रसेनजीतला सांगत आलो. इथेही तसंच लिहीत आलो. स्वतःपुरतं मला बरोबर समजलं होतं. बाकीची सात तशीच ठेवली.

कृष्णात कुठे असेल याची काळजी सगळ्यांनाच आहे, मलाही आहे. पण दुपारी डाव्या कुशीवर पडलो की जी छातीवर येऊन बसते ती वेगळी. तो एक दिवस परत येईल, घंटा वाजवेल आणि विचारेल, "सर, तुमी पण हुता की तितं. तुमचं नाव कुठं हाय?"